नऊ बरोबर, एक चूक

"भावोजी, पाहुणे आलेत. खुर्चीवरचा पेपर उचला, आणि त्यांच्या भुवयांकडे बघत बसू नका."

भावोजींनी पेपर उचलला, पण नजर पुन्हा भुवयांकडे गेलीच. दारातल्या माणसाचे केस काळेभोर होते आणि भुवया पांढऱ्याशुभ्र. उभी हयात बँकेत कॅशियर म्हणून काढलेल्या भावोजींना खोटी नोट नुसत्या स्पर्शाने कळायची. माणसांच्या बाबतीत मात्र बोटं कामाला येत नसत. ते खातं त्यांच्या वहिनींचं.

वहिनी पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि घरातल्या पुढच्या खोलीत स्वतःचा तपासाचा धंदा मांडला. निवृत्त झालेले दीर त्यांचे मदतनीस झाले. मदतनीस म्हणजे चहा करायचा, खुर्च्या मोकळ्या करायच्या आणि चुकीचा अंदाज सगळ्यांच्या आधी सांगायचा.

"बसा," वहिनी पाहुण्याला म्हणाल्या. "पीठ झटकायलाही थांबला नाहीत, म्हणजे काम तातडीचं आहे. बेकरी तुमची स्वतःची?"

"हो. आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेली. पिठावरून ओळखलंत?"

"पिठावरून काय, आमचे भावोजीसुद्धा ओळखतील. बोला."

बेकरीवाला बोलायला लागला. प्रकरण त्याच्या भाचीचं होतं. बहीण गेल्यापासून चिऊ त्याच्याकडेच वाढलेली. पहाटे भट्टीवर राबायची आणि मग बेकरीच्या डिप्लोमाला जायची. वर्गात पहिल्या येणाऱ्याला शहरातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलात शिकाऊ उमेदवारी मिळणार होती. शेवटचा पेपर कॉम्प्युटरवर झाला, दहा गणितांचा.

"निकाल लागला आणि सगळा वर्ग आडवा. प्रत्येकाची नऊ गणितं चूक, एक बरोबर. आमच्या चिऊची नऊ बरोबर, एक चूक. आणि चूक कुठलं? तर बाकी सगळ्यांचं जे बरोबर आलं, नेमकं तेच."

"अरे वा," भावोजी म्हणाले. "हुशार आहे मुलगी."

"कॉलेज म्हणतंय, चोर आहे मुलगी. कॉम्प्युटरमधली उत्तरांची सूत्रं कुणीतरी बदलली म्हणे, आणि त्याचा फायदा एकटीला झाला. आज दुपारी बैठक आहे. तिचं नाव काढून टाकणार."

"नाव काढलं तर काय होईल?" वहिनींनी विचारलं.

"एकदा चोर म्हणून शिक्का बसला, की कुठली बेकरी तिला पिठाला हात लावू देईल?"

"तुमची देईल."

"माझी तर देईलच हो. पण माझ्याच चार भिंतींत जन्म काढावा म्हणून का शिकवली तिला?" तो खुर्चीत पुढे सरकला. "ताई, आरोप ऐकून ती घरी आली, ती तशीच बसून होती. जेवली नाही. मला फक्त एवढंच विचारलं, मामा, तुझा विश्वास आहे ना?"

वहिनींनी चष्मा पुसला. त्यांना पुढचा प्रश्न सुचला की त्या चष्मा पुसत. "तिला हे काम शिकवलं कुणी? तुम्ही?"

"मला आणि तिला, दोघांनाही तात्यांनी. तात्यांची पद्धतच निराळी. बाकी सगळ्यांकडे खमीर घट्ट असतं, आमचं पातळ. निम्मं पीठ, निम्मं पाणी. या धंद्यातल्या इतक्या लोकांशी माझी उठबस आहे, पण असं खमीर दुसरीकडे पाहिलं नाही."

"तात्यांनी आणखी कुणाला शिकवलं?"

"एकालाच. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो. एक कारागीर होता, त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला म्हणे. तो मोठ्या हॉटेलात गेला तो गेलाच, पुन्हा कधी दारात आला नाही. तात्यांनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की त्याचं नावही पुन्हा कधी घेतलं नाही. मग बाहेरच्या कुणाला त्यांनी खमिराला हात लावू दिला नाही, शेवटपर्यंत."

वहिनींनी पर्स उचलली. "भावोजी, चला. आणि तुम्हीही दुपारी बैठकीला या. आधी तोंड धुवा."

*

कॉलेजात मोठ्या सरांची खोली सर्वांत टापटीप होती. भिंतीवर प्रमाणपत्रं, टेबलावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रती. सर उंच, पांढऱ्या कडक शर्टातले, बोलणं तोलूनमापून. पुढच्या वर्षी प्राचार्यपद त्यांच्याकडे येणार, असं शिपायाने भावोजींना जिना चढेपर्यंत सांगूनही टाकलं होतं.

"कॉपीला वावच नाही असा पेपर काढला होता मी," सर म्हणाले. "गणित सगळ्यांना तेच. भट्टीपुढे उभे आहात, इतका मैदा आहे, इतकं खमीर आहे, पाण्याचं प्रमाण इतके टक्के हवं, तर वरून किती पाणी घालाल? पण मैदा आणि खमीर यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. तिथे प्रत्येकाला कॉम्प्युटर वेगवेगळे आकडे टाकतो, मनाला येतील ते."

"मग उत्तर बरोबर की चूक हे त्याला कसं कळतं?" भावोजींनी विचारलं.

"मी सूत्र दिलेलं असतं. ज्याला जे आकडे आले, ते त्या सूत्रात घालून तो उत्तर काढतो आणि ताडून बघतो. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून उपयोग नाही, त्याचे आकडे वेगळे. चोरायचंच तर सूत्र चोरावं लागतं."

"ही सूत्रं तुम्ही स्वतः घातलीत?" वहिनींनी विचारलं.

"स्वतः. या खुर्चीत बसून. मी दुसऱ्याच्या हातावर विसंबत नाही."

"आणि तुमच्या पुस्तकात हे गणित कसं सोडवतात?"

"अगदी सोपं. टक्के काढायचे ते फक्त मैद्याच्या वजनावर. खमीर हिशेबात धरायचंच नाही. एक किलो मैदा आणि साठ टक्के पाणी, तर सहाशे ग्रॅम. वर्गाने तसंच सोडवलं, बिचारी मुलं. पण मागाहून कुणीतरी सूत्रं बदलली होती. माझा पासवर्ड मी कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवायचो, ही माझी चूक. मोठ्या मनाने कबूल करतो."

"दहाव्या गणिताचं काय? ते वर्गाचं बरोबर आलं आणि तिचं चूक."

सरांनी हात पसरले. "चोराला घाई असते, बाई. दहावं सूत्र बदलायचं राहून गेलं असेल. किंवा संशय येऊ नये म्हणून मुलीने एक मुद्दाम चुकवलं असेल. मला तिचं वाईट वाटतं. म्हणून तर म्हटलं, पोलीस नकोत, नुसतं नाव काढा."

बाहेर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, "वहिनी, माणूस सज्जन वाटतो. मला वाटतं सिस्टिमवाल्याने केलं. सगळी कुलपं त्याच्याच हातात."

"अजून त्याचं तोंडही बघितलं नाहीत, भावोजी."

*

सिस्टिमवाल्याचं तोंड बघितल्यावर भावोजींचा संशय पक्का झाला. तरणाबांड गडी, पण नजर टेबलावर. चिऊला त्याने दोनदा मोटारसायकलवरून घरी सोडलं होतं आणि हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

"पाऊस होता," तो म्हणाला.

"दोन्ही वेळा?" वहिनींनी विचारलं.

"एकदा पाऊस होता." त्याचे कान लाल झाले. "पण मी सूत्रांना हात लावलेला नाही. मला मैद्यातलं आणि रव्यातलं कळत नाही. सरांना एकदा दाखवलं, सूत्र कसं घालायचं, कंस कुठे द्यायचे, आकड्यांची मर्यादा कशी ठरवायची. त्यांनी शिकून घेतलं आणि मला खोलीबाहेर काढलं. निकालानंतर पुन्हा सांगितलं, त्या पेपरला हात लावायचा नाही, पुरावा आहे."

"हात लावू नका. नुसतं दाखवा. भावोजी, तुम्ही वाचा, माझ्या चष्म्याला ही बारीक अक्षरं झेपत नाहीत."

झेपत होती, हे भावोजींना माहीत होतं. पण वाचायला सांगितलं की ते खूश असत. त्यांनी पडद्यावरचं पहिलं सूत्र खड्या आवाजात वाचलं. "कोपऱ्यात लिहिलंय, आवृत्ती पहिली. मग कंसात मैदा अधिक खमीर भागिले दोन, कंस पुरा. त्याला गुणिले साठ टक्के. वजा खमीर भागिले दोन."

"दुसरं?"

"आवृत्ती पहिली. तसंच, फक्त टक्के पासष्ट." असं करत ते शेवटी आले. "दहावं. आवृत्ती पहिली. साठ टक्के गुणिले मैदा, अधिक खमीर भागिले दोन, वजा खमीर भागिले दोन." ते थांबले. "हे काय? अधिक आणि वजा, दोन्ही तेच? आमच्या बँकेत कुणी असं लिहिलं असतं तर साहेबाने विचारलं असतं, बाबा रे, घातलंस कशाला आणि काढलंस कशाला?"

"साहेब बरोबर होता तुमचा," वहिनी म्हणाल्या. मग सिस्टिमवाल्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "यात एखादा प्रश्न कुणी बदलला तर जुना पुसला जातो का?"

"नाही. जुना खाली तसाच राहतो आणि वर नवा दिसतो, दुसरी आवृत्ती म्हणून. तो पुसायची सोय मलाही नाही."

"छान," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

*

चिऊ वाचनालयाच्या कोपऱ्यात बसली होती. समोर पुस्तक उघडं, पण पान उलटलेलं दिसत नव्हतं. कुणीतरी तिच्या बाकावर खडूने एक शब्द लिहिला होता आणि तिने तो बाहीने पुसला होता, तरी वाचता येत होता. भावोजींनी तो वाचला आणि त्यांना एवढ्याच वयाच्या आपल्या पुतणीची आठवण झाली. ते उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

"मामाने पाठवलं मला," वहिनी तिच्याशेजारी बसत म्हणाल्या. "तू चोरी केलीस का, हे मी विचारणार नाही. एक गणित घालते. दोन किलो मैदा, सहाशे ग्रॅम खमीर, पाणी साठ टक्के. वरून किती घालशील?"

मुलीने मान वर केली. कागद मागितला नाही. "सहाशे ग्रॅम खमिरात निम्मं पीठ, म्हणजे तीनशे. एकूण पीठ दोन किलो तीनशे. त्याचे साठ टक्के एक किलो तीनशे ऐंशी. त्यातलं तीनशे पाणी खमिरात आहेच. राहिलं एक किलो ऐंशी ग्रॅम."

"हे पुस्तकात असं नाही."

"माहीत आहे. म्हणजे आता माहीत झालंय. तो धडा सरांनी घेतला तेव्हा मामाला ताप होता, मी भट्टीवर होते. आणि पेपरात लिहिलं होतं, भट्टीपुढे उभे आहात. मी उभी राहिले. आजोबांनी शिकवलं तसं घातलं."

"दहाच्या दहा गणितांत?"

"दहाच्या दहा. एक का चुकलं ते अजून कळलेलं नाही मला." मग ती एकदम म्हणाली, "बाई, मी चोरी केली असती तर ते एक तरी का चुकवलं असतं?"

"कॉलेज म्हणतं, मुद्दाम."

"मुद्दाम चुकवायचं तर काहीही लिहिता आलं असतं. मी हिशेब करून लिहिलंय."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "इथे प्रात्यक्षिकात पाव कसा होतो तुझा?"

"कोरडा." ती ओशाळली. "घरी चांगला होतो. इथे भट्टीच्या मॅडम रोज रागावतात. पीठ घट्ट होतं म्हणतात. का होतं कळत नाही."

*

भट्टीची खोली तळमजल्यावर होती आणि भावोजींच्या मते सगळ्या कॉलेजात तेवढीच जागा येण्यासारखी होती. ताज्या पावाचा वास नाकात गेला आणि तपास किती वेळ चालला तरी त्यांची हरकत राहिली नाही.

भट्टीच्या मॅडम आडव्या बांध्याच्या, बाह्या सरसावलेल्या. चिऊवर त्यांचा जीव होता. तिच्या बाजूने त्या प्राचार्यबाईंशी भांडल्याही होत्या, त्यामुळे काहींचा संशय त्यांच्यावरही होता.

"सरांच्या खोलीत मी जाते, नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण कॉम्प्युटर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी आपली पुस्तकात आहे तसं शिकवते. किलोला साठ टक्के म्हणजे सहाशे. पोरगी ऐकत नाही आणि पाव कोरडा करते, पण म्हणून चोर?"

"तुमचं खमीर बघू?"

मॅडमनी डबा उघडला. आत गोळा होता, बोटाने दाबला तरी हळूच वर येणारा. "दोन भाग पीठ, एक भाग पाणी. घट्टच असतं ते."

"कधी पातळ ठेवता?"

"छे. पातळ कोण ठेवतं?"

तेवढ्यात मोठे सर दारात आले. वहिनी कुठे कुठे फिरताहेत, हे बघायला आले असावेत. वहिनींचा चेहरा एकदम उजळला. भावोजींना तो चेहरा ओळखीचा होता. विमा कंपनीत खोटे दावे करणाऱ्यांना त्या असंच हसून बसायला सांगत.

"बरे आलात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हातचं पीठ बघायची फार इच्छा आहे. एवढं एक मळून दाखवा ना."

"अहो, मी आता—"

"सर कधीच हात लावत नाहीत पिठाला," मॅडम म्हणाल्या. "मी इथे आल्यापासून तरी नाही."

याने काम झालं. सरांनी बाह्या दुमडल्या. वहिनींनी फर्माईश केली, एक किलो मैदा, तीनशे ग्रॅम खमीर, पाणी साठ टक्के. सर वजन करायला लागले आणि वहिनींनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. पुस्तकाची नवी आवृत्ती कधी? मुखपृष्ठ कसं? प्राचार्य झाल्यावर भट्ट्या वाढवणार का? सर उत्तरं देत होते आणि हात आपले आपण चालत होते. मैदा पडला, खमीर तुटून पडलं, पाण्याचं भांडं काट्यावर चढलं. भावोजी काट्याच्या सर्वांत जवळ होते. आकडा पाचशे चाळीसवर स्थिरावला आणि पाणी पिठात गेलं. हात सुंदर होता, यात शंका नाही. गोळा बघता बघता गुळगुळीत झाला. पाव भाजून हातात यायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न भावोजींना पडला.

मॅडमनी गोळा दाबून बघितला. "सर, घट्ट झालं थोडं. पाणी लागेल अजून."

"सवय गेली," सर हसले आणि हात धुवायला गेले.

जिना चढताना वहिनींनी विचारलं, "काट्यावर किती होतं?"

"पाचशे चाळीस. पण पाव भाजायच्या आतच आपण निघालो, हे बरं नाही केलंत."

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "आजवर तुम्ही जितके आकडे वाचले असतील, त्यांत हा सर्वांत मोलाचा."

*

बैठक प्राचार्यबाईंच्या खोलीत भरली. प्राचार्यबाई, मोठे सर, भट्टीच्या मॅडम, सिस्टिमवाला, एका बाजूला मामा आणि त्याच्या शेजारी चिऊ, हात मांडीवर घट्ट धरून. मामाने भुवया धुतल्या होत्या, त्यामुळे भावोजींना तो आधी ओळखूच आला नाही.

"आरोप असा," वहिनींनी सुरुवात केली, "की सरांनी सूत्रं घातली, मग कुणीतरी बदलली, आणि ती बदललेली सूत्रं चिऊकडे होती. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा आणि तिसरा खोटा."

"पुरावा?" सरांनी विचारलं.

"आधी दुसरा भाग. प्रश्न बदलला तर जुना पुसला जात नाही, खाली राहतो आणि वर दुसरी आवृत्ती दिसते. भावोजी, तुम्ही दहाही कोपरे वाचलेत. काय लिहिलं होतं?"

"आवृत्ती पहिली," भावोजी म्हणाले. "सगळीकडे." आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

प्राचार्यबाईंनी सिस्टिमवाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. "सरांनी बदलली सांगितलं, म्हणून मी कोपऱ्याकडे बघितलंच नाही."

"म्हणजे कुणी काही बदललेलं नाही. सूत्रं पहिल्यापासून तशीच होती. आता तिसरा भाग. सूत्र चिऊकडे होतं का? दहावं गणित बघा. नऊ सूत्रांत कंस आहे, दहाव्यात तो द्यायचा राहिला. त्यामुळे काय झालं? अर्धं खमीर अधिक झालं आणि अर्धं खमीर वजा झालं. घातलं आणि काढलं. उरले नुसत्या मैद्याचे साठ टक्के, म्हणजे पुस्तकातलंच उत्तर. म्हणून तेवढं एक वर्गाचं बरोबर आलं."

"आणि तिचं चूक," मॅडम पुटपुटल्या.

"सूत्र हातात असतं तर दहावंही बरोबर आलं असतं. मुद्दाम चुकवायचं असतं तर काहीही लिहिलं असतं. बैठकीआधी मी तिचं दहावं उत्तर मागवून तपासलं. कंस असता तर जे यायला हवं, अगदी तेच तिने लिहिलंय, ग्रॅमपर्यंत. दहाही गणितं तिने एकाच रीतीने, डोक्याने सोडवलीत. कंस विसरतो तो कॉम्प्युटरवर टाइप करणारा. हिशेब करणारी विसरत नाही."

मामाने श्वास सोडला. चिऊ मात्र वहिनींकडे टक लावून बघत होती. तिला पुढचं ऐकायचं होतं.

"मग प्रश्न राहतो, सर, की स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध सूत्रं तुम्ही का घातलीत?"

"हा मूर्खपणा आहे," सर म्हणाले. आवाज मात्र पहिल्यासारखा तोलूनमापून नव्हता.

"मघाशी तुम्ही एक किलो मैद्यात किती पाणी घातलंत? पुस्तकाने सहाशे घालायला हवं. भावोजींनी काटा वाचला, पाचशे चाळीस. चिऊच्या रीतीने हिशेब करा. तीनशे ग्रॅम खमिराचं निम्मं दीडशे. एकूण पीठ साडेअकराशे ग्रॅम, त्याचे साठ टक्के सहाशे नव्वद, त्यातून दीडशे गेले. पाचशे चाळीस. तोंड पुस्तकाबद्दल बोलत होतं आणि हात आपली जुनी रीत पाळत होते."

प्राचार्यबाईंनी समोरच्या कागदावर तोच हिशेब मांडून बघितला.

"पुष्कळ लोक खमीर हिशेबात धरतात," सर म्हणाले. "त्यात काय मोठं?"

"धरतात. पण इथलं खमीर घट्ट आहे, दोन भाग पीठ आणि एक भाग पाणी. ते धरणाऱ्याचं उत्तर सहाशे वीस आलं असतं. निम्मं-निम्मं धरतो तो फक्त पातळ खमिरावर वाढलेला माणूस. घट्ट खमिराला तो नियम लावला की पीठ कोरडं होतं. चिऊचं रोज होतं. तुमचं आज झालं. ही चूक सूत्रात आहे, चिऊच्या हातात आहे आणि तुमच्या हातात आहे. आणि तशा खमिराची भट्टी या धंद्यात एकच आहे."

मामा हळूहळू उभा राहिला. तो सरांच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्यांच्या हातांकडे बघत होता. "तुम्ही तात्यांकडे होतात," तो म्हणाला.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चार वर्षं," ते म्हणाले. "पेपर काढताना पुस्तक उघडलंच नाही मी. भट्टीपुढे उभे आहात, असं लिहिलं आणि मीच उभा राहिलो. निकाल लागला तेव्हा कळलं, काय झालं ते."

"ही तात्यांची नात आहे, हे माहीत होतं तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. प्रवेश घेताना तिनेच सांगितलं, कुणाकडे शिकली ते."

"ओळखलंत, आणि तरी तिला चोर ठरवलंत?"

"ओळखलं म्हणूनच." सरांनी चिऊकडे बघितलं नाही. "माझ्या पुस्तकात मी कुठे कुठे शिकलो ते छापलंय. सगळी मोठी हॉटेलं. तात्यांचं नाव नाही. ही मुलगी समोर बसली की मला वाटायचं, आज घरी जाऊन माझ्याबद्दल काही बोलेल, आणि कुणाला तरी आठवेल. ती गेली असती तर बरं झालं असतं."

"माझ्या बापाने तुमच्या वाटेकडे डोळे लावले होते," मामा म्हणाला. "आणि तुम्हाला त्यांच्या नातीची भीती वाटली." मग तो चिऊशेजारी परत बसला.

प्राचार्यबाईंनी समोरची फाइल मिटली. पेपर रद्द, परीक्षा सगळ्यांची पुन्हा, पेपर बाहेरच्या परीक्षकाने काढायचा, सरांचं प्रकरण संचालकांकडे. एकामागून एक त्यांनी सांगून टाकलं. मग त्या चिऊकडे वळल्या.

"म्हणजे माझे नऊ गुण गेले," चिऊ म्हणाली.

"गेले," वहिनी म्हणाल्या. "ते खरे नव्हतेच. पुस्तकाप्रमाणे तू चूक होतीस आणि इथल्या खमिराप्रमाणे तर जास्तच. पण ती तुझी स्वतःची चूक होती, चोरीची नव्हे. पुन्हा पेपर दे."

"देईन." तिने पहिल्यांदाच मांडीवरचे हात सोडले. "पहिली येईन."

"सरांविरुद्ध तुला लेखी काही द्यायचं आहे का?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

चिऊने मामाकडे बघितलं. त्याने तिला तिचं ठरवू दिलं.

"लेखी नको," ती म्हणाली. "वर्ग आता बसलेला आहे. सरांनी माझ्याबरोबर यावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. त्यांनी इथे सांगितलं तेवढं सगळं. आजोबांचं नावसुद्धा."

सर उठले. ते एकदम थकल्यासारखे दिसत होते. भावोजींना त्यांची कीव आली आणि लगेच तो पुसलेला खडू आठवला, मग कीव राहिली नाही.

कॉरिडॉर लांब होता. चिऊ पुढे चालत होती, सर तिच्या मागे, आणि बाकीचे दोन पावलं अंतर ठेवून. वर्गाच्या दारात आतली कुजबुज थांबली. चिऊने सरांना आत जाऊ दिलं. ते फळ्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. पहिलं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने, सर," चिऊ दारातून म्हणाली.

ते मोठ्याने बोलले. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत ती दारातच उभी राहिली. मग सगळा वर्ग बघत असताना ती आपल्या जागेवर जाऊन बसली.